माझं खमीर, हिचा घसा

३ जानेवारी

आज पुन्हा अर्धी वाटी सूप उरलं. विचारलं तर म्हणते, "भूकच नाही." खोटं! भूक आहे. गिळवत नाही. घोट घेतला की डोळे मिटते आणि मान वर करते — कोंबडी पाणी पिते तशी. मला दिसत नाही असं तिला वाटतं.

जिभेवर पुन्हा पांढरा थर आलाय. मैदा भुरभुरल्यासारखा. मी बघायला लागलो की तोंड फिरवते.

उद्या दवाखाना.

४ जानेवारी

डॉक्टरीणबाई तरुण आहे, आमच्या लेकीपेक्षाही लहान. पण घाई करत नाही. हिच्या तोंडात बॅटरीचा उजेड पाडला आणि म्हणाली, "आजी, हे खाली घशातपण उतरलंय. छातीचा पंप घेतल्यावर चूळ भरता ना?"

ही माझ्याकडे बघायला लागली. गृहपाठ न केलेल्या पोरीसारखी!

"भरते की. कधी कधी."

"म्हणजे कधीच नाही," मी म्हटलं.

"तुम्ही गप्प बसा हो. तुम्हाला कोणी विचारलं?"

डॉक्टरीणबाई हसली. मग सांगितलं — ही बुरशी थोडीफार सगळ्यांच्याच तोंडात असते. पंपातल्या औषधाने तोंडातली राखण ढिली पडते, मग ती हातपाय पसरते. गोळ्या मागच्याच दिल्या. "या वेळी बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायच्या नाहीत हं. आणि आठवड्यात फरक नाही पडला तर लगेच या. वाट बघत बसू नका."

मी विचारलं, "बुरशी म्हणजे आमच्या खमिरासारखीच का? बेकरी होती आमची. जन्म खमिरात गेला."

"मग तुमची नि तिची जुनी ओळख आहे, आजोबा. जवळचे नातेवाईक आहेत ते."

मग तिने गोळीचं समजावलं. विसरू नये म्हणून रस्ताभर घोकत आलो. बुरशीच्या एकेका कणाभोवती पातळ पापुद्रा असतो. तो धड राहायला एक स्निग्ध पदार्थ लागतो — एर्गोस्टेरॉल. (नाव दोनदा विचारून घेतलं.) बुरशी तो स्वतःच बनवते, पायरी पायरीने. गोळी त्यातली एक पायरी अडवते. पदार्थ तयार होईना झाला की पापुद्रा कमजोर पडतो, वाढ थांबते. माणसाला त्याच कामाला कोलेस्टेरॉल लागतं. म्हणजे ज्याच्या नावाने लेकीने माझं लोणी बंद केलं, तेच!

मी सातवीत शाळा सोडली. पण हे कळलं. अडचण ही की कळलं की माझी काळजी कमी होत नाही, वाढते.

५ जानेवारी

डोक्यात एकच — नातेवाईक म्हणाली ना ती? मग आमच्या थोरलीने तर हे केलं नसेल?

थोरली म्हणजे फडताळातली खमिराची बरणी. बेकरी विकली तेव्हा साचे, पराती, काटा, सगळं देऊन टाकलं. बरणी तेवढी पिशवीत घालून घरी आणली. वडिलांनी सुरू केलेलं खमीर. रोज त्यातलं थोडं काढायचं, मूठभर मैदा आणि पाणी घालायचं. लग्न होऊन ही आली, तर पहिल्या सकाळी मी हिच्याशी बोलायच्या आधी बरणीशी बोललो म्हणे! तेव्हापासून बरणी थोरली आणि ही धाकटी. "जा, आधी थोरलीला जेवायला घाला, मग माझी चौकशी करा." इतकी वर्षं हाच टोमणा. आणि दर वेळी स्वतःच हसायची.

६ जानेवारी

शिंपी येऊन बसला होता. दुकान याचं खाली, पण बूड आमच्या खुर्चीवर. त्याला मी माझी शंका सांगितली. सांगायला नको होती.

"घरात आजारी माणूस आणि तू बरणीत बुरशी पाळतोस? ओत मोरीत!"

ही आतून ओरडली, "खबरदार! माझी सवत आहे ती. तिला घराबाहेर काढायची की नाही ते मी ठरवीन."

"बघ बाबा," शिंपी म्हणाला, "दोघी एक झाल्यात. तुझं काही खरं नाही."

हसलो तिघंही. पण ओरडल्यामुळे ही बराच वेळ खोकत राहिली. शिंपी गेल्यावर बरणी गॅलरीत नेऊन ठेवली. मग गारठेल म्हणून परत आत आणली. मला वेड लागायचं बाकी आहे.

७ जानेवारी

फरक नाही.

८ जानेवारी

बसल्या बसल्या बेकरी आठवते. भट्टीची ऊब अजून पाठीला आहे असं वाटतं.

हिला घड्याळ लागायचं नाही. मळलेला उंडा दोन बोटांनी दाबायची आणि खड्डा भरून येताना बघत राहायची. पटकन भरला तर — "अजून वेळ आहे." सावकाश भरला तर — "झालं, घाला भट्टीत." मी तिच्यावर ओरडायचो, गिऱ्हाईक खोळंबलंय! ढिम्म हलायची नाही. एकदा रागाने मी तिने सांगायच्या आधीच पाव भट्टीत घातले. दगड निघाले! दिवसभर एक शब्द बोलली नाही. संध्याकाळी त्यातला एक पाव माझ्या ताटात ठेवला आणि समोर बसून राहिली. चावून चावून जबडा दुखला, पण संपवला. मग हसली.

मैदा चाळताना खिडकीतून उन्हाचा पट्टा यायचा. त्यात ही उभी, भुवया, केस, सगळं पांढरं. मी म्हणायचो, "म्हातारपणी अशी दिसशील." अगदी तशीच दिसते.

खोकला तिथेच लागला. छातीच्या डॉक्टरांनी पुढे सांगितलं, पिठाची धूळ. म्हणून तो पंप, आणि पंपामुळे हे घशातलं. ज्या उन्हाच्या पट्ट्याची मला इतकी आठवण येते, त्यातच ती धूळ होती.

९ जानेवारी

जिभेवरचा थर तसाच. मी उगाच डोळ्यांत तेल घालून बघतोय का? सकाळी कमी वाटतो, संध्याकाळी जास्त.

गोळीच बाद निघाली असेल तर? नकली असेल तर? कसं कळणार?

वडील नवं पोतं आलं की आधी नमुना लावायचे. मूठभर मैदा, थोडं खमीर, काचेच्या पेल्यात घालून फळीवर ठेवायचं. फुगलं तर पोतं वापरायचं, नाहीतर आलेल्या गाडीत परत. नमुना लावल्याशिवाय पोत्याला हात लावू द्यायचे नाहीत. व्यापारी शपथा घेत असायचा आणि वडील पेल्याकडे बघत असायचे.

मीही नमुना लावतो.

१० जानेवारी

हिच्या मागच्या वेळच्या गोळ्या उरल्यात — तेव्हा चौथ्या-पाचव्या दिवशी बरं वाटलं आणि हिने सोडल्या होत्या. त्यातली एक खलबत्त्यात कुटली. थोरलीतलं चमचाभर खमीर, मैदा, पाणी, वर गोळीची पूड. शेजारी दुसरा पेला, बिनगोळीचा. दोन्हींना दोरा बांधून खूण केली.

संध्याकाळी बघतो तर दोन्ही सारखेच फुगलेले! गोळी फुकट!

हिला सांगितलं. म्हणाली, "सवतीवर विषप्रयोग चाललाय होय? आणि ती पचवून बसली? वा गं बाई."

११ जानेवारी

थांबायचं ठरवलं. दोन्हींतलं थोडं थोडं काढून पुन्हा मैदा घातला, गोळीवाल्यात पुन्हा गोळी. आज गोळीचा पेला थोडा मागे. की मला तसं वाटतंय?

१२ जानेवारी

बसला! गोळीचा पेला बसला! दोऱ्याच्या वर आलाच नाही. बिनगोळीचा काठाला लागलाय आणि हा चिखलासारखा खाली. बुडबुडा नावाला नाही.

गोळी खरी आहे. फक्त तिला वेळ लागतो. माझ्या जिवात जीव आला. पेले दोन्ही हातांत घेऊन हिच्याकडे पळालो, पायातली सपात निसटली तरी थांबलो नाही. "बघ! बघ! गोळीने थोरलीला बसवलं, तर तुझ्या घशातलीला सोडते का?"

किती वेळ पेल्यांकडे बघत होती. मग म्हणाली, "आज मलापण जरा उतरल्यासारखं वाटतंय खरं."

१३ जानेवारी

दुधात भिजवलेला अख्खा पाव संपवला! ताट स्वच्छ. लेकीला फोन केला — येऊ नको, आई सुधारतेय. ती म्हणाली, "बाबा, नक्की ना? तुम्ही दोघं मला काही सांगत नाही." मी म्हटलं, "अगं, मी नमुना लावून बघितलाय."

"कसला नमुना?"

"आहे एक. तुला नाही कळायचं."

१४ जानेवारी

आठवडा होऊन गेला म्हणून दवाखान्यात जायचं होतं. मीच म्हटलं, कशाला? डोळ्यांनी बघितलंय. ही पण म्हणाली, कशाला.

हिचं जेवण होईपर्यंत समोर बसून जुन्या गोष्टी काढतो. आज भट्टीची चिमणी कोसळली होती तो दिवस. दोघं काजळीने काळे, आणि लेक आम्हाला ओळखेना, रडायला लागली. "तुम्ही तिला उचलायला गेलात तर शेजारच्यांकडे पळाली," ही म्हणाली. तोंडावर पदर धरून हसत होती. हल्ली जेवताना पदर सारखा तोंडाशी असतो.

१६ जानेवारी

लिहायला हात धजत नाही.

सकाळी न्हाणीघरात पडली. उचलली तर — काही वजनच नाही! रिकाम्या पिशवीसारखी लागली हाताला. अंग तापलेलं. चादर बदलायला उशी उचलली, तर खाली माझे रुमाल. त्यांत घास. चावलेले, न गिळलेले. दुधातले पाव, सगळं.

तीच म्हणाली, "रागावू नका हो. ते दोन पेले घेऊन आलात ना तुम्ही... इतके खूश मी तुम्हाला बेकरी विकल्यापासून बघितलं नव्हतं. वाटलं, होईल दोन दिवसांत खरंच बरं."

लेक आली. माझ्याशी बोलली नाही. हॉस्पिटल.

१७ जानेवारी

आमची डॉक्टरीणबाई इथेही येते. दुर्बीण घालून घशातला नमुना घेतला. कोणतं औषध या बुरशीला लागू पडतं ते प्रयोगशाळेत बघणार. माझ्याच पेल्यांसारखं, फक्त खरं.

मी तिला सगळं सांगून टाकलं. वाटलं, हसेल किंवा झापेल. दोन्ही केलं नाही. खुर्ची ओढून बसली.

"आजोबा, प्रयोग चांगला होता. पहिल्या दिवशी खमीर फुगलं, कारण त्याच्याकडे जुना साठा होता. नवं बनवता येईना, तेव्हा बसलं. गोळी खरीच होती."

"मग?"

"तुमच्या खमिराने ही गोळी जन्मात कधी बघितली नव्हती. आजींच्या घशातल्या बुरशीने वर्षभर बघितलीय. थोडी घेतली, सोडली. पुन्हा घेतली, सोडली. दर वेळी नाजूक होती ती मेली, चिवट होती ती उरली. त्या चिवटांमध्ये ती पायरीच बदलते कधी कधी, गोळी तिथे बसतच नाही. काही तर आत आलेली गोळी बाहेर फेकून देतात."

मी नमुना बरोबर लावला. पण दुसऱ्याच पोत्याचा.

२० जानेवारी

रिपोर्ट आला. गोळी चालत नाही. दुसरं एक इंजेक्शन असतं, तेही चालत नाही. एक उरलं. जुनं आहे, कडक आहे.

लेक विचारत होती, "एवढीच औषधं? इतक्या मोठ्या जगात?" डॉक्टरीणबाई म्हणाली, बुरशीची आणि माणसाची ठेवण फार जवळची. तिला मारेल आणि आपल्याला सोडेल असं फार थोडं सापडतं. हे इंजेक्शन तो पदार्थ बनवणं थांबवत नाही, बनलेल्यालाच जाऊन चिकटतं आणि पापुद्र्याला भोकं पाडतं. पण आपल्या कोलेस्टेरॉललाही थोडं चिकटतं. मूत्रपिंडांना सोसत नाही. हिची आधीच अधू.

लेकीने माझा हात धरला. किती दिवसांनी!

२१ जानेवारी

पहिली बाटली. थंडी वाजून आली, दात वाजत होते. तीन पांघरुणं घातली. त्यातूनही मला म्हणते, "भट्टी पेटवा की हो."

२५ जानेवारी

आज पाणी प्यायली — डोळे न मिटता! मी सिस्टरला हाक मारून दाखवलं. सिस्टर म्हणाली, "आजोबा, पाणीच प्यायल्या त्या." तिला काय कळणार!

२७ जानेवारी

कपडे न्यायला घरी गेलो. थोरलीला इतके दिवस कोणी बघितलं नव्हतं. वर काळं पाणी, त्यावर गुलाबी डाग, घाण वास. वडिलांच्या हातचं. मोरीत ओतलं, बरणी घासून पालथी घातली. रडूबिडू आलं नाही. कपडे घेतले आणि निघालो. हे लिहिताना येतंय.

२८ जानेवारी

हिला बरणीचं सांगितलं. म्हणाली, "शेवटी धाकटीच पुरली म्हणा तुम्हाला."

शिंपी आला होता. येताना मऊ पाव घेऊन आला, बाजारचा. हिने एक तुकडा तोंडात घातला, चावला, गिळला. मी, लेक, शिंपी, तिघंही तिच्या घशाकडे बघत होतो!

"कसाय?" शिंपी.

"घाई केलीय करणाऱ्याने," ही म्हणाली. "मळून थांबला नाही." आणि दुसरा तुकडा घेतला.

१ फेब्रुवारी

तोंडातलं पांढरं गेलं. जीभ गुलाबी, लहान मुलासारखी. पण पायांवर सूज आहे, लघवी कमी. डॉक्टरीणबाईने मला नि लेकीला एकत्र बसवून सांगितलं, हिच्यादेखत. मूत्रपिंडं थकत चाललीत. मात्रा कमी करून झाली, उपयोग नाही. इंजेक्शन अजून बरेच दिवस द्यायला हवं; द्यायचं तर डायलिसिसच्या, म्हणजे रक्त धुवायच्या मशीनची तयारी ठेवायची. आत्ता थांबवलं तर घशात खोलवर जी थोडी उरलीय ती पुन्हा वाढेल. आणि मग द्यायला हाताशी काही नसेल.

लेक म्हणाली, चालू ठेवा. मीही म्हटलं, चालू ठेवा. अर्धं सोडल्यानेच तर हे झालं ना! आता अर्धं सोडायचं नाही.

ही म्हणाली, "बघू."

२ फेब्रुवारी

हिच्या शेजारच्या खुर्चीत बसून लिहितोय. झोपलीय. हात उघडा पडलाय, सुयांनी काळानिळा. याच हाताने माझ्या पाठीत धपाटा घालायची, मी मीठ विसरलो की. आणि मी नेहमी विसरायचो. पहाटे पहिला घाणा निघाला की आम्ही दोघं ओट्यावर बसून एक पाव मोडून खायचो, बोटं भाजत. बोलायचो नाही काही. बाहेर गिऱ्हाईक यायला अजून अवकाश असायचा. तेवढाच वेळ आमचा.

तेव्हा वाटायचं, पुढे निवांतपणा मिळाला की काहीतरी मोठं सुख येईल. काय ते आता आठवत नाही.

३ फेब्रुवारी

मशीनची खोली दाखवून आणली लेकीने. ही चाकांच्या खुर्चीत. सगळं बघितलं, नळ्या मोजल्यासारख्या बघितल्या, सिस्टरला विचारलं, "यावर असताना जेवायला काय देतात?" सिस्टरने सांगितलं — मोजून पाणी, हे नाही, ते नाही.

परत येताना मला म्हणाली, "तुमची दाढी वाढलीय. उद्या करा."

५ फेब्रुवारी

इंजेक्शन बंद. मी खाली औषधं आणायला गेलो होतो, तेवढ्यात हिनेच सांगून टाकलं. "गिळता येतंय तोवर घरी जेवते." डॉक्टरीणबाईने तीनदा विचारलं म्हणे. लेक रडली, मग गाडी बोलवायला गेली.

दुपारी घरी आलो. मी वाढलं. पोटभर जेवली. मागून घेतलं.